गोदामावशींचं पथ्य

परवा शेजारच्या सुनेला न्हाऊ घालायला एक मुलगी आली. अंगात गणवेश, हातात रबरी मोजे, मोबाइलवर बासरी. सवा महिन्याचं पॅकेज आहे म्हणे. मुलगी कामाला चांगली होती, बाळही मजेत होतं. पण मी खिडकीतून बघत राहिले आणि मनात येत राहिलं, की गोदामावशी असत्या तर त्या बासरीचं काय केलं असतं. बहुतेक तो मोबाइल बंबात गेला असता.

गोदामावशी म्हणजे आमच्या भिसेगावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणाऱ्या. नुसतं भिसेगाव नाही, पार कशेळं, कळंबपर्यंत त्यांचं राज्य होतं. माहेर कळंबकडचं, भातशेतीवाल्यांचं. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला, आणि सासूकडून हे काम जे हाताला लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या, म्हातारपणाने, झोपेत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज बँकेत, रिक्षावर, रिसॉर्टच्या काउंटरवर अशी तालुकाभर पसरली आहेत. त्यांना शेवटचं पोचवायला आलेल्यांत निम्मे लोक असे होते, की ज्यांना मावशींनी कधीकाळी पायावर पालथं घातलेलं होतं.

अंगाने ठेंगण्या, पण हात मात्र त्या अंगाला न शोभण्याइतके मोठे. घरात शिरल्या की आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधायच्या, बादलीत कोपर बुडवून पाणी बघायच्या, आणि मग बाळाकडे वळून म्हणायच्या, "काय पाव्हणं, निजला का बरं रातच्याला?" तान्ह्या बाळाला त्या कधी नावाने हाक मारत नसत. पहिले काही महिने तो पाहुणा. राहतो म्हणाला, तर मग नाव. हे त्या इतक्या सहज म्हणायच्या, की त्यातली भीती माझ्या फार उशिरा लक्षात आली.

एरवी गाव गाजवणाऱ्या सासवा मावशींपुढे गप्प असत. बाळाचे वडील तर त्यांच्या खिजगणतीतच नव्हते. कोरा चहा बशीत ओतून प्यायच्या आणि तो पिता पिता बाळंतिणीच्या ताटावर नजर ठेवायच्या. कारण मावशींचं खरं काम मालीश नव्हतं. खरं काम पथ्य.

ते पथ्य मला आजही पाठ आहे. तीन महिने बाळंतिणीने मऊ भात, साजूक तूप, मीठ आणि मिऱ्याची पूड एवढंच खायचं. डाळ वातूळ, कडधान्यं त्याहून वातूळ, शेंगदाण्याने पित्त, नाचणी थंड, मासे-अंडी उष्ण, आणि भाजीने बाळाच्या पोटात दुखतं. तांदूळ पांढरा शुभ्र हवा. तो चोळून चोळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा. शिजला की वरची पेज ओतून द्यायची. का म्हणून विचारण्याची सोय नव्हती. विचारलंच तर एक उत्तर ठरलेलं होतं, "बाळंतिणीनं खाल्लं ते लेकराच्या पोटात उतरलं."

माझ्या बाळंतपणात मी ते आठवडाभर पाळलं. मग सतीश, म्हणजे माझा नवरा, डब्यात लपवून मटकीची उसळ आणायला लागला आणि मी ती चादरीखाली बसून खायला लागले. मी शाळेत मुलांना शिस्त शिकवणारी बाई, आणि घरात ही तऱ्हा. एके दिवशी मावशींना माझ्या चादरीवर मोड आलेला मटकीचा एक दाणा सापडला. त्यांनी तो उचलला, चिमटीत धरून उजेडात बघितला, खिडकीत ठेवला. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बाळाला तेल लावता लावता त्याला म्हणाल्या, "पाव्हणं, तुमची आई चोर हाय."

पुढे गावातल्या दहाजणींशी बोलल्यावर कळलं, की आम्ही सगळ्याच चोर होतो. कुणाला आई लाडू आणून द्यायची, कुणी रात्री उठून सुकटीची चटणी चाटायची, कुणाला धाकटी नणंद सामील. मावशींना यातलं बरंचसं ठाऊक असायचं. त्यांचं म्हणणं, "कुंपन किती बी घाला, शेरडं शिरायचीच."

सतीशने एकदा आणखी एक उद्योग केला. कळंबच्या एका रिसॉर्टबाहेर शहरातल्या पाहुण्यांसाठी हातसडीचा लालसर तांदूळ विकायला ठेवला होता, तो घेऊन आला. पौष्टिक असतो म्हणाला. मावशींनी पिशवीत हात घातला आणि त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपोआप दाराबाहेर गेला. "हा कोंडा घालू तिला? ती काय म्हस हाय?" मग जरा शांत झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्या सासूच्या काळात हाच भात असायचा, कारण दुसरा नव्हताच. पहाटे उखळाशी उभं राहायचं, मुसळाने तळहाताला फोड यायचे, आणि एवढं करून भात तांबडाच. पांढरा भात बघायला मिळायचा तो मोठ्यांच्या घरी. गिरणी आली तेव्हा मावशींना वाटलं, आता आपल्या बाळंतिणीलाही पांढरा भात मिळेल. त्यांच्या पांढऱ्या भातात माया होती, हे मला म्हणायचं आहे. ती नसती तर पुढचं सगळं सांगायला सोपं झालं असतं.

सुनंदा ही मावशींची एकुलती एक लेक. खालापूरकडे दिलेली, स्वभावाने गरीब. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती आधीच सुकलेली होती, कारण दिवस राहिल्यापासून तिला उलट्या सुटल्या होत्या त्या थांबल्याच नव्हत्या. मुलगा झाला. मावशींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात जे पथ्य लावलं ते आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीला लावलं, आणि यावेळी कुंपणात शेरडू शिरायला कुठे फटच नव्हती. चूल मावशींची, डबे मावशींचे, आणि सुनंदा आईचा शब्द मोडणारी नव्हती.

दुसऱ्या महिन्यात सुनंदा म्हणायला लागली, की पायांची आग होते, पोटऱ्यांत मुंग्या येतात. मावशी संध्याकाळी तिच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायच्या. रात्रीपुरतं बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. मग बाळाचा आवाज बसला. मावशींनी वेखंड उगाळलं, ओव्याची धुरी दिली, दृष्ट काढली. गावातल्या एका डॉक्टरने सर्दीचं औषध दिलं. दोन-तीन दिवसांत बाळ दूध ओढेनासं झालं आणि त्याला धाप लागली. त्या दुपारी मी शाळेतून येत होते, तेव्हा मावशींनी रस्त्यातच माझी स्कूटर अडवली. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. "पाव्हणा जातो म्हणतोय गं," एवढंच म्हणाल्या. मी रिक्षा बोलावली आणि आम्ही बाळाला कर्जतला डॉक्टर तस्नीम यांच्याकडे नेलं.

डॉक्टर तस्नीम लहान मुलांच्या डॉक्टर, बोलायला कमी. त्यांनी बाळाची छाती ऐकली, पायांवरची सूज दाबून बघितली, नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं. तेवढ्यात बाळ रडलं. म्हणजे तोंड रडण्याचं झालं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आवाज काही आला नाही. मी तसं रडणं कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. डॉक्टरांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी बाळाविषयी काही न विचारता सुनंदाला विचारलं, की तू जेवतेस काय.

सुनंदाने आईकडे बघितलं. मावशींनी उत्तर दिलं, अगदी अभिमानाने, सगळं पथ्य पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपण काही कमी केलेलं नाही, हे डॉक्टरांना कळावं असा तो सूर होता. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि नर्सला एक इंजेक्शन भरायला सांगितलं. रक्त तपासायलाही पाठवलं, पण म्हणाल्या, की रिपोर्टची वाट बघण्याइतका वेळ बाळाकडे नाही, आणि या इंजेक्शनने नुकसान काही होत नाही.

संध्याकाळपर्यंत बाळाची धाप उतरली. ओठांचा रंग बदलला. अंधार पडायच्या आत त्याने छाती शोधून तोंड लावलं. मी नास्तिक नाही आणि फार देवभोळीही नाही, पण त्या वेळी मी हात जोडले, ते कुणाला हे मला माहीत नाही.

मग डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. तांदळाच्या दाण्यावर जो कोंड्याचा पापुद्रा असतो, त्यात एक जीवनसत्त्व असतं, ब एक म्हणतात ते. गिरणीत तांदूळ पांढरा केला की ते निघून जातं. थोडंफार उरतं ते धुण्यात आणि पेजेत जातं. डाळ, कडधान्यं, शेंगदाणे, अंडी, मासे यांतून ते मिळतं, पण तेही बंद. आधीच्या उलट्यांनी सुनंदाच्या अंगातला साठा संपलेला. त्याच्या अभावी तिच्या पायांच्या नसा दुखत होत्या, आणि तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाचं हृदय दमलं होतं. घशाची नसही लुळी पडते, म्हणून आवाज जातो. या आजाराला बेरीबेरी म्हणतात. धाप इंजेक्शनने उतरली, आवाजाला मात्र काही दिवस लागतील. सुनंदाला गोळ्या, आणि आजपासून चारीठाव जेवण.

मावशींनी ऐकलं. मग आपलं ते ठरलेलं वाक्य म्हणाल्या, पण पहिल्यांदाच प्रश्नासारखं. बाळंतिणीने खाल्लं ते लेकराच्या पोटात उतरतं, म्हणून तर जपायचं ना? डॉक्टर म्हणाल्या, "बरोबर आहे मावशी. पण तिने जे खाल्लंच नाही, ते दुधात येणार कुठून?"

 सासूने लावलेलं तेच पथ्य मावशींनी शब्दन् शब्द पुढे चालवलं होतं. फक्त सासूचा भात तांबडा होता आणि यांचा पांढरा. आणि इतकी वर्षं ते चाललं, कारण आम्ही सगळ्या जणी ते थोडं थोडं मोडत होतो. हे मला तिथे बसल्या बसल्या उमगलं, आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, की त्यांना माझ्या आधी उमगलं असावं.

मग त्यांनी विचारलं, की आवाज बसून, धाप लागून लेकरू जातं, ते यानेच का? मग सांगितलं, फार पूर्वी कळंबला लता म्हणून एक सून होती. तिच्या पहिल्या मुलीचं असंच झालं होतं, अगदी असंच, तोंड रडायचं आणि आवाज नाही. सासर कडक, माहेर लांब, तिने पथ्यातलं एक शीत इकडचं तिकडे केलं नव्हतं. मुलगी गेली. सगळ्यांनी मावशींना विचारलं, की कशाने गेली. आणि मावशी म्हणाल्या होत्या, हिचं दूध लेकराला मानवलं नाय.

डॉक्टर म्हणाल्या, की मी त्या बाळाला पाहिलेलं नाही, खात्रीने नाही सांगू शकत. पण तुम्ही सांगता तसंच असेल, तर असू शकेल.

बाळाचा आवाज परत आला तेव्हा मावशी तिथे नव्हत्या. फाटक्या भोंग्यासारखा का होईना, पण आवाज आला. सुनंदा हसत होती, रडत होती, आणि आईला शोधत होती. मावशी सकाळीच कशेळ्याच्या जीपमध्ये बसून गेल्या होत्या. तिथे एक बाळंतीण त्यांच्या पथ्यावर होती.

त्या दिवसापासून त्यांनी जिथे जिथे पथ्य लावलं होतं त्या प्रत्येक घरी जाऊन ते सोडवलं. लावायला जितका वेळ लागला नव्हता, त्याहून जास्त सोडवायला लागला. कशेळ्याच्या त्या घरची सासू ऐकेना. म्हणाली, तूच सांगितलंस, आता तूच मोडतेस, तुझ्या जिभेला हाड आहे की नाही. मावशींनी वाद घातला नाही. चुलीशी बसल्या, स्वतःच्या हाताने मुगाचं वरण केलं, पेज न ओतता भात केला, आणि बाळंतीण जेवेपर्यंत तिच्यासमोरून उठल्या नाहीत. मालीश त्यांनी सोडलं नाही. सुनंदाच्या तळव्यांवर काशाची वाटी रोज फिरत होतीच, डॉक्टरांनीही खुशाल करा म्हटलं होतं, तेल कोमट ठेवा आणि गोळ्या चुकवू नका एवढंच. मावशी आता जिथे जायच्या तिथे सांगायच्या, "तेल वरून, औषध आतून. वरच्यानं आतलं काम व्हत नाय." पाय जळतात, मुंग्या येतात असं कुणी म्हणालं, की पूर्वी त्या वाटी मागायच्या. आता आधी दवाखान्यात पाठवायच्या आणि मग वाटी मागायच्या.

सगळी घरं झाली. कळंब राहिलं. तो विषय त्या काढत नव्हत्या आणि मीही काढत नव्हते. मग थंडीच्या दिवसांत, एका रविवारी, त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नेसण ठेवणीतलं होतं. म्हणाल्या, स्कूटर काढ.

एरवी मावशी मागे बसल्या की मला गाडी चालवावी लागत नसे, त्याच चालवायच्या. हळू, खड्डा, म्हस आली, हॉर्न दे. त्या दिवशी कशेळं मागे पडलं तरी मागून शब्द नाही. शेवटी मीच म्हणाले, की मावशी, डॉक्टर खात्रीने नाही म्हणाल्या होत्या. नक्की माहीत नसताना जुनी जखम का उकरायची?

"त्यांना खात्री नसंल," मावशी म्हणाल्या. "त्या तितं नव्हत्या. मी व्हते."

लताचं घर गावाच्या टोकाला, मागे भाताचं मोकळं शेत. लता अंगणात वाल सोलत बसली होती. चाळिशीच्या पुढची, केस पांढरे व्हायला लागलेले. पडवीत तिची सासू खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. लताने मावशींना ओळखलं. या म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. हातातली शेंग सोलत राहिली.

मावशी बसल्या नाहीत. अंगणात उभ्या उभ्याच त्यांनी सुनंदाच्या बाळाची सगळी हकिकत सांगितली, भात, कोंडा, इंजेक्शन, आवाज. मला वाटलं त्या थोडं गोल गोल बोलतील, माणसं बोलतात तशी. त्या तशा बोलल्या नाहीत.

"लते, तुजं दूध चांगलं व्हतं. माजं पथ्य वाईट व्हतं. तुजी पोर माज्यामुळं गेली."

लताचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. तशीच म्हणाली, की त्यानंतर दोन मुलं झाली, दोन्ही शेळीच्या दुधावर वाढवली. कुणी छातीशी धरू दिली नाहीत. दूध यायचं, आणि ती फडकं घट्ट बांधून बसायची. हे तिने मावशींना सांगितलं, की मला, की त्या वालाच्या शेंगांना, ते कळलं नाही. मी शेताकडे बघायला लागले.

मावशींनी हात जोडले. लताने त्यांच्याकडे आता पहिल्यांदा बघितलं.

"मला काय सांगता? माज्या सासूला सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. तिला कमी आयकू येतं."

मावशी पडवीत गेल्या. खाटेशी वाकून त्यांनी सांगितलं. म्हातारीने कानाशी हात नेला आणि काय म्हणून विचारलं. मावशींनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. शेजारच्या घरातून दोघी बायका बाहेर आल्या, पलीकडच्या ओट्यावरचा एक माणूस उठून उभा राहिला. म्हातारीने पुन्हा काय म्हटलं. मग मावशी ताठ उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून पुढे ओढला, आणि ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर सासवांना गप्प केलं होतं त्या आवाजात सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, की लताचं दूध चांगलं होतं, पथ्य माझं होतं, पोर माझ्यामुळे गेली.

म्हातारीला ऐकू गेलं. ती मावशींकडे बघत राहिली आणि मग मावशींच्या मागे, अंगणात बघायला लागली. लता उभी राहिली होती. मांडीवरचे वाल सगळे खाली सांडले होते.

"आनी एकदा सांगा," लता म्हणाली.

मावशींनी पुन्हा सांगितलं.